रोजची एक गोळी आणि आपली चिकित्सा

काही वर्षांपूर्वी, श्रावणातील एका सोमवारी, जवळच्या तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान चालविणारे अडतीस वर्षांचे एक गृहस्थ आमच्या चिकित्सालयात आले. डोळ्यांखाली सूज, रात्री पोटऱ्यांत येणारे गोळे, सकाळची मळमळ आणि आंबट ढेकर अशा तक्रारी होत्या. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, पुनर्नवा-गोक्षुराचा काढा व शंखवटी लिहून दिली आणि पोटऱ्यांस तिळतेलाचा अभ्यंग सांगितला. दुसरे काही औषध चालू आहे काय, असे रीतीप्रमाणे विचारले. "रक्ताची एक गोळी आहे, रोजची," असे उत्तर मिळाले. आम्ही ते केसपेपरवर तसेच उतरवून घेतले. रक्ताची गोळी म्हणजे लोहाची गोळी, असे आम्ही मनाशी धरून चाललो. रक्ततपासणीचा कागद त्यांनी पुढे केला, त्यावरील सर्व आकडे प्राकृत होते, आणि आम्ही सहज बोलून गेलो, "रक्त उत्तम आहे, काळजीचे कारण नाही."

सुमारे आठ महिन्यांनी ते पत्नीसह पुन्हा आले, ते डाव्या कुशीतील जडपणाची तक्रार घेऊन. प्लीहा हाताला लागत होती. श्वेतपेशींची संख्या एक लाखाच्या घरात गेली होती. ती गोळी लोहाची नव्हती, इमॅटिनिब होती. गृहस्थांनी प्रथम ती एक दिवसाआड केली, पुढे बंद केली. पत्नीने एवढेच विचारले, "डॉक्टर, तुम्हीच म्हणालात ना, रक्त उत्तम आहे म्हणून?"

त्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. जनुकातील विशिष्ट बिघाड हेरून त्यावरच काम करणाऱ्या, तोंडावाटे घ्यावयाच्या कर्करोगाच्या औषधांची आता मोठी मालिका झाली आहे. रुग्ण ती घरी बसून घेतो, रुग्णालयात क्वचित जातो आणि मधल्या काळात लहानसहान तक्रारींसाठी आपल्याकडे येतो. म्हणून ही औषधे काय आहेत, हे वैद्यवर्गाने व फार्मसीधारकांनी जाणून घेणे अगत्याचे झाले आहे.

एका गुणसूत्राचा शोध

आमच्या रुग्णास झालेला व्याधी म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, व्यवहारातील सीएमएल. अस्थिमज्जेत श्वेतपेशी अनिर्बंध निर्माण होतात, रक्तात उतरतात आणि प्लीहेत साठतात. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक खुरटलेले गुणसूत्र आढळले. त्याला त्या शहराचेच नाव मिळाले. ते खुरटलेले का, याचा उलगडा १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी केला. क्रमांक ९ व क्रमांक २२ या दोन गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत अदलाबदल झालेले असतात. या अदलाबदलीत नवव्या गुणसूत्रावरील एबीएल हे जनुक बाविसाव्यावरील बीसीआर या जनुकाला येऊन चिकटते आणि या जोडजनुकापासून एक नवेच प्रथिन तयार होते. ते टायरोसिन कायनेज या वर्गातील आहे. पेशीला 'वाढ' असा आदेश देणे हे त्या वर्गाचे काम. निरोगी पेशीत हा आदेश गरजेपुरता सुटतो आणि थांबतो. येथे तो थांबतच नाही.

ब्रायन ड्रुकर व निकोलस लायडन यांच्या कामातून या प्रथिनाच्या खोबणीत नेमके बसणारे रसायन पुढे आले. पेशीतील ऊर्जाद्रव्य ज्या जागी येऊन प्रथिनाला कार्यान्वित करते, तीच जागा हे रसायन अडविते. १९९८ च्या जूनमध्ये मानवी चाचणी सुरू झाली. प्रतिदिनी ३०० मिलिग्रॅम वा अधिक मात्रा घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्तचित्र पूर्णतः प्राकृत झाले. अमेरिकेत मे २००१ मध्ये औषधास मान्यता मिळाली. पुढे त्याच औषधाचा उपयोग आमाशय व आंत्रातील जीआयएसटी या अर्बुदातही सिद्ध झाला, कारण तेथे केआयटी नावाचे दुसरे एक कायनेज बिघडलेले असते आणि त्याचीही खोबण या रसायनास लागू पडते. इमॅटिनिबने चिकित्सा आरंभिलेल्या सीएमएलच्या रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांनी ८३ टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात होते. पूर्वी या व्याधीत अस्थिमज्जा-प्रत्यारोपण न झालेला रुग्ण काही वर्षांत हातचा जात असे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या आकड्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

रसशास्त्राच्या अभ्यासकांसाठी एक विषयांतर करतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातील चिकित्सक याच व्याधीवर फाउलरचे द्रावण देत. ते द्रावण म्हणजे सोमलाचेच एक रूप. प्लीहा त्याने उतरे, पण गुण टिकत नसे. दुसरी गोष्ट चीनमधील आहे. तेथे अकरा द्रव्यांचा एक परंपरागत कल्प या रक्तव्याधीवर वापरात होता. तेथील संशोधकांनी एकेक द्रव्य वेगळे करून पाहिले, तेव्हा निळीपासून केलेले द्रव्य कार्यकारी ठरले आणि त्यातून इंडिरुबिन हा घटक हाती आला. हा घटकही कायनेज वर्गातील प्रथिनांस अडवितो, हे पुढे सिद्ध झाले. आपल्या निघंटूंत नीलिनीच्या गुणांत उदर व प्लीहा यांचा उल्लेख आहे, हे वाचकांस स्मरत असेलच. मात्र येथे घाई नको. इंडिरुबिनने काही रुग्णांस गुण आला, त्याबरोबर पोटदुखी व जुलाबही झाले, आणि इमॅटिनिबशी त्याची बरोबरी होत नाही. सीएमएलच्या रुग्णास आज नीलिनीवर ठेवणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे होय. आम्हांस या कथेतील मोलाचा भाग वाटतो तो त्या संशोधकांच्या चिकाटीचा. अकरा द्रव्ये होती, आणि त्यांनी अकराही तपासली.

जनुकीय म्हणजे आनुवंशिक नव्हे

'जनुकातील बिघाड' हे शब्द कानी पडताच रुग्णाचे कुटुंबीय विचारतात, मुलांना होईल काय? मुलीच्या लग्नात अडचण येईल काय? येथे वैद्याने ठामपणे उत्तर द्यावे. सीएमएलमधील हा बिघाड शुक्रशोणितातून आलेला नसतो. तो आदिबलप्रवृत्त नव्हे. जन्मानंतर केव्हातरी अस्थिमज्जेतील एका मूलपेशीत तो घडतो आणि तिच्या संततीपुरताच राहतो. फुप्फुसाच्या कर्करोगातील ईजीएफआर जनुकाच्या बिघाडाचेही सामान्यतः असेच असते. स्तन व बीजकोशाच्या काही कर्करोगांत बीआरसीए जनुकाचा दोष वंशपरंपरेने येऊ शकतो आणि त्यासाठीही ओलापॅरिब नावाचे तोंडावाटे घ्यावयाचे औषध आहे. त्या कुटुंबांस मात्र जनुकीय सल्ल्यासाठी पाठविणे योग्य.

दुसरा समज असा की कर्करोगावर 'गोळी निघाली आहे', तर ती कोणासही चालावी. हा समज दूर करण्यास गेफिटिनिबचे उदाहरण पुरेसे आहे. पूर्व आशियातील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांच्या अर्बुदात ईजीएफआरचा बिघाड होता, त्यांतील ७१ टक्के रुग्णांचे अर्बुद या गोळीने आकसले. ज्यांच्यात तो बिघाड नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण जेमतेम एक टक्का होते, आणि त्यांचा रोग नेहमीच्या केमोथेरपीवरील रुग्णांपेक्षा लवकर बळावला. व्याधीचे नाव एकच, स्थान एकच, पण संप्राप्ती निराळी, म्हणून औषध निराळे. हे तत्त्व आपणांस कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. पण म्हणूनच, शेजाऱ्यास लागू पडलेली गोळी आपल्या आप्तास मिळवून द्या, असा आग्रह घेऊन कोणी आले तर अर्बुदाची जनुकीय तपासणी झाली आहे काय, हा प्रश्न आपण आधी विचारावा.

महिन्यातील तीन गोळ्या

आमच्या रुग्णाचे नेमके काय चुकले? रक्तचित्र प्राकृत होणे आणि व्याधी निर्मूल होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेशींची गणना प्राकृत झाली तरी बीसीआर-एबीएल धारण करणाऱ्या पेशी मज्जेत शिल्लक असतात, आणि त्या किती हे केवळ पीसीआर तपासणीने कळते. नेहमीच्या रक्ततपासणीचा कागद पाहून 'उत्तम' म्हणणारा वैद्य, म्हणजे आम्ही, वरचा थर पाहून विहिरीचा तळ सांगत होतो.

लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आम्हांस फार अस्वस्थ केले. इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांच्या औषधाच्या बाटल्यांस असे झाकण बसविले होते की बाटली केव्हा उघडली याची नोंद आपोआप व्हावी. रुग्ण काय सांगतो याला तेथे महत्त्व नव्हते. ज्यांनी नव्वद टक्क्यांहून अधिक गोळ्या घेतल्या, त्यांच्यात सहा वर्षांत जनुकीय पातळीवर मोठा प्रतिसाद मिळण्याची शक्यता ९४.५ टक्के होती. नव्वद टक्के वा त्याहून कमी घेणाऱ्यांत ती २८.४ टक्के होती. नव्वद टक्के म्हणजे काय? महिन्यातून तीन गोळ्या चुकणे. एक लग्नाच्या गडबडीत, एक प्रवासात, एक उपासाला. आपल्याकडे गोळी जेवणाबरोबर घ्यावयाची असते, म्हणून एकादशीला ती टाळणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. त्यांना फराळाबरोबर ती घेण्यास सांगितले की प्रश्न मिटतो. रुग्णालयातील तज्ज्ञास हे सुचत नाही, कारण रुग्ण त्याला एकादशीविषयी सांगत नाही. आपणांस सांगतो.

गोळी कायमची असते काय? नसेलही. दीर्घकाळ अत्यंत खोल प्रतिसाद टिकलेल्या काही रुग्णांत ती थांबविता येते, आणि फ्रान्समधील अभ्यासात अशा निवडक रुग्णांपैकी सुमारे चार दशांश जण गोळीविना रोगमुक्त राहिले. उरलेल्यांत रोग परतला, पण दरमहा होणाऱ्या पीसीआर तपासणीत लगेच पकडला गेला आणि गोळी पुन्हा सुरू करताच बहुतेकांत आटोक्यात आला. तेव्हा थांबविण्याचाही विधी आहे, आणि तो रक्तविकारतज्ज्ञाच्या हाती आहे.

पूर्वी गोळी बंद पडण्याचे पहिले कारण पैसा हे असे. मूळ कंपनीच्या औषधास महिन्याला एक लाख वीस हजार रुपयांच्या आसपास खर्च येई. भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ ते दहा हजारांत मिळे. मूळ कंपनीचा पेटंटसाठीचा अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ साली फेटाळला. ज्ञात द्रव्याचे नवे स्फटिकरूप एवढ्यावर, गुणकारितेत वाढ दाखविल्यावाचून, पेटंट देता येणार नाही, असा पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) चा अर्थ लावून सर्वोच्च न्यायालयानेही १ एप्रिल २०१३ रोजी तो फेटाळला. या निकालाची चर्चा जगभर झाली. आज हे औषध राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या सूचीत आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीतही २०१५ पासून आहे. गोळी एवढी आवाक्यात आल्यावर ती आपल्या एका वाक्याने सुटावी, याची खंत म्हणूनच अधिक वाटते.

योगवाही, पण कोणासाठी

आता वैद्य व फार्मसीधारक या दोघांच्याही जिव्हाळ्याच्या भागाकडे वळू. रुग्ण गोळी नियमित घेतो, पण तिच्याबरोबर आपण काय देतो?

इमॅटिनिब, गेफिटिनिब, डॅसॅटिनिब, निलोटिनिब, ओसिमर्टिनिब ही सारी औषधे यकृतात प्रामुख्याने सीवायपी ३ए४ या विकराकडून विघटित होतात. ते विकर चेतविले तर गोळीचा अंश रक्तात कमी उरतो, दडपले तर अधिक. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन बरोबर दिल्यास इमॅटिनिबचे रक्तातील प्रमाण दोन तृतीयांशांहून अधिक घटते. युरोपात मनोविषादावर वापरली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती ते सुमारे तीस टक्क्यांनी घटविते. ती तर निखळ वनौषधी आहे. 'वनस्पतीच ती, तिने काय होणार', असे म्हणणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. संयोगविरुद्ध ही संकल्पना चरकाचार्यांनी आहारविधीत मांडली. तिचा विस्तार दोन शास्त्रांच्या औषधांपर्यंत करण्यास आपण संकोच का करावा?

पिप्पली आपल्याकडे योगवाही म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यातील व मिरीतील पायपरिन हा घटक हेच विकर आणि औषध पेशीबाहेर टाकणारे पी-ग्लायकोप्रोटिन, या दोहोंस दडपतो. फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल व थिओफायलिन यांचे रक्तातील प्रमाण पायपरिनने वाढते, हे मानवी अभ्यासांत दिसले आहे. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनची ४५० मिलिग्रॅमची मात्रा पायपरिनच्या जोडीने २०० मिलिग्रॅमवर आणणारी गोळी आपल्याच देशात, जम्मू येथील प्रयोगशाळेच्या संशोधनातून निघाली. आपणांस तिचा अभिमान आहे, आणि असावा. परंतु जे द्रव्य एका औषधाची मात्रा निम्म्याहून कमी करण्याइतके समर्थ आहे, ते कर्करोगाच्या नेमक्या मोजलेल्या मात्रेपाशी निष्प्रभ होईल, असे कसे मानावे? योगवाही द्रव्य बरोबरच्या औषधाचा गुण वाढविते तसे त्याचा उपद्रवही वाढविते.

गुग्गुळाची दिशा उलट आहे. त्यातील गुग्गुलस्टेरोन हा घटक सीवायपी ३ए वर्गातील विकरांची निर्मिती वाढवितो, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. गुग्गुलिपिडबरोबर दिल्यास डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल यांचे रक्तातील प्रमाण घटते, हे १९९४ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकातच प्रसिद्ध झाले होते. आता कांचनार गुग्गुळ डोळ्यांपुढे आणावा. ग्रंथी-अर्बुद म्हटले की आपल्या लेखणीतून पहिला उतरणारा कल्प तो हाच. त्यात गुग्गुळ आहे आणि त्रिकटूही आहे. विकरास चेतविणारे व दडपणारे द्रव्य एकाच वटीत. त्या वटीमुळे रुग्णाच्या रक्तातील इमॅटिनिब वाढेल की घटेल, याचा अंदाज कोणासही बांधता येणार नाही. म्हणून लक्ष्यवेधी गोळी चालू असलेल्या रुग्णास आम्ही कांचनार गुग्गुळ देत नाही. योगराज व त्रयोदशांग यांनाही हेच लागू. आरोग्यवर्धिनीतही गुग्गुळ आहे, याचा विसर अनेकांस पडतो.

येथे तारतम्य हवे. आमटीतील मिरी आणि भाजीतील हळद यांनी काही बिघडत नाही. प्रश्न आहे तो औषधी मात्रेचा, आणि त्याहून अधिक हळदीच्या घनसत्त्वात मिरीचे सत्त्व मिसळून केलेल्या कॅप्सूलांचा. त्यांतील मिरीसत्त्व शोषण वाढविण्यासाठीच घातलेले असते. कर्करोगाचे निदान झाले की आप्तेष्ट या कॅप्सूल भेट म्हणून आणून देतात आणि रुग्ण त्यांना औषधात धरत नाही. फळांपैकी ग्रेपफ्रूट या औषधांबरोबर वर्ज्य सांगितले आहे. आपल्याकडे ते फारसे नाही, पण ज्याच्या संकरातून ते निपजले ते पपनस कोकणात व गोव्यात गणपतीच्या दिवसांत घरोघरी असते. तेवढे टाळावयास सांगावे.

गुडूचीविषयी २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी काही रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीबाबत शंका घेतली, हा वाद वाचकांस ठाऊक आहे. आमचे म्हणणे त्या वादाहून वेगळे आहे. इमॅटिनिबने स्वतःच काही रुग्णांत यकृताचे विकर वाढतात. त्याच वेळी आपण गुडूची, कुटकी वा अन्य काही चालू केले असेल तर दोष कोणाचा हे ठरविता येत नाही, तज्ज्ञ सावधगिरी म्हणून दोन्ही थांबवितात, आणि नुकसान होते ते त्या एका गोळीचे.

आम्लता आणि औषधकाल

आमच्या रुग्णाची हकीकत येथे पुन्हा जोडतो. तज्ज्ञांनी तपासणी करून त्यांचे औषध बदलले व डॅसॅटिनिब सुरू केले. हे औषध आमाशयातील आम्लातच नीट विरघळते. आम्ल कमी करणारे औषध मध्ये आले की त्याचे शोषण घटते. सामान्य अँटासिड घ्यावयाचे झाल्यास ते गोळीच्या किमान दोन तास आधी वा दोन तास नंतर घ्यावे, आणि आम्लाचा स्राव दीर्घकाळ रोखणारी ओमेप्रॅझोलसारखी औषधे टाळावीत, असा दंडक आहे. आता शंखभस्म, कपर्दिकाभस्म, शुक्ती, प्रवाळ, मुक्ता ही सारी चुन्याच्या कुळातील, आम्लाचे शमन करणारी द्रव्ये. कामदुधा रस तर त्यांचाच समुच्चय. आमच्या रुग्णाच्या घरी आम्हीच दिलेली शंखवटी शिल्लक होती आणि ढेकर आले की ते ती घेत. गोळीच्या आधी, नंतर, बरोबरही. पुढच्या भेटीत त्यांना पिशवीतील सारी औषधे टेबलावर काढावयास सांगितली, तेव्हा हे उघड झाले. गेफिटिनिब व एर्लोटिनिब यांचेही शोषण आम्ल घटल्यास कमी होते.

औषधकालाचा विचार जेवढा सूक्ष्म आपल्या संहितांत आहे, तेवढा अन्यत्र क्वचितच असेल. तो येथे कामी येतो. इमॅटिनिब जेवणाबरोबर व मोठा पेला भरून पाण्याबरोबर घ्यावयाचे, म्हणजे सभक्त. रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ होते, आणि आमच्या रुग्णाची सकाळची मळमळ बहुधा त्याचीच होती. चहाबरोबर घेत असत, हे नंतर कळले. निलोटिनिबच्या कॅप्सूल मात्र अभक्तच हव्यात, आधी दोन तास व नंतर एक तास काही खावयाचे नाही. अन्नाबरोबर त्यांचे शोषण वाढून हृदयाच्या गतीत धोक्याचा बिघाड होऊ शकतो.

गोळीमुळे उद्भवणाऱ्या तक्रारींत वैद्याला करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ते बहुतांशी पोटात औषध न देता करता येते. डोळ्यांभोवतीच्या सुजेस मीठ कमी करणे आणि रोज सकाळी वजन पाहणे. एकाएकी दोन-तीन किलो वाढल्यास तज्ज्ञाकडे पाठविणे. पोटऱ्यांतील गोळ्यांस अभ्यंग व शेक. जुलाबास ताक, भाताची पेज, मुगाचे कढण. ईजीएफआरवरील औषधांनी चेहऱ्यावर व छातीवर मुरुमांसारखा उठाव येतो, त्यास रक्तदुष्टी समजून विरेचन देऊ नये. औषध कामास लागल्याची ती खूण असू शकते. डॅसॅटिनिबवरील रुग्णास धाप लागली तर श्वासकुठार देण्यापूर्वी छातीचे चित्र काढावे, कारण फुप्फुसावरणात पाणी साठणे हा त्या औषधाचा परिचित उपद्रव आहे.

फार्मसीधारकांस दोन विनंत्या. वेष्टनावरील घटकांत पिप्पली-मिरी वा गुग्गुळ असल्यास, कर्करोगाची औषधे चालू असणाऱ्यांनी तज्ज्ञास विचारून घ्यावे, अशी एक ओळ मराठीत छापावी. आणि कर्करोग बरा करण्याचा दावा जाहिरातीत करणे १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, याची आठवण आपल्या प्रतिनिधींस द्यावी. गावोगावच्या दुकानांत तोंडी दावे कसे केले जातात, ते आपण सर्वच जाणतो.

एक गोष्ट राहिली. सीएमएलचा रुग्ण निदानापूर्वीही आपल्याचकडे येतो. आपल्या देशात हा व्याधी पाश्चात्त्यांपेक्षा बऱ्याच तरुण वयात, तिशी-चाळिशीतच दिसतो. डाव्या बरगडीखाली जडपणा, चार घासांत पोट भरणे, वजन घटणे, रात्रीचा घाम. हाताला प्लीहा लागली की प्लीहोदर म्हणून रोहितकारिष्ट लिहिण्याचा मोह होतो. त्याआधी पेशीगणना करून घ्यावी. खर्च थोडा आहे. श्वेतपेशी पन्नास हजार वा लाखाच्या घरात आणि त्यात अपक्व पेशी दिसल्या, तर त्याच दिवशी रक्तविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. बीसीआर-एबीएलची तपासणी ते करतील.

आमच्या केसपेपरवर आता 'इतर औषधे' या शब्दांखाली एक मोठी चौकट छापून घेतली आहे. रुग्णाने सांगितलेले नाव आम्ही तिच्यात लिहीत नाही. गोळीची पट्टी आणावयास सांगतो आणि तिच्यावरून उतरवून घेतो. कापडदुकानदार गृहस्थ दर तीन महिन्यांनी पीसीआरचा कागद घेऊन तज्ज्ञांकडे जातात आणि परतताना आमच्याकडे थांबतात. गेल्या खेपेस त्यांनी कागद पुढे केला आणि विचारले, "कसे आहे?" तज्ज्ञ काय म्हणाले, असे आम्ही विचारले. "चालू ठेवा म्हणाले." आम्हीही तेच सांगितले.